मारुतीरावांचं श्रवण

"बाकी सगळं ठीक आहे," मंदाकिनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा काढला की काहीच ठीक नसतं, हे त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या सगळ्यांना पाठ होतं. शिवानीचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला.

"तुझ्या प्रबंधाचं पहिलं पान मला फार आवडतं. वडील वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये, उभं आयुष्य पत्र्यावरचे ठोके ऐकण्यात गेलं, हळूहळू घरातल्या टीव्हीचा आवाज मोठा मोठा होत गेला. म्हणून तुला कामगारांच्या कानांवर काम करावंसं वाटलं. वाचणारा तिथेच आत ओढला जातो. पुढे इतक्या कामगारांच्या तपासण्या आहेत. त्यात वडील कुठे आहेत?"

"ते तयार नाहीत, मॅडम. म्हणतात, मला ऐकू येतं."

"ते तर सगळेच म्हणतात. मग एक तर त्यांना तपासणीला आण, नाहीतर ते पान काढून टाक. घरची गोष्ट सांगून लोकांना आत बोलवायचं आणि घरचा माणूस दाराआड ठेवायचा, हे काही मला पटत नाही. आणि खरं सांगू? तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येणार."

बाहेर जिन्यात प्रीतम उभाच होता. प्रीतम मॅडमचाच विद्यार्थी, खडवलीचा. सातवीत असताना त्याला साप चावला होता. आधी भगताकडे नेलं, मग दवाखान्यात. त्यातून जगला, आणि साप चावल्यावर माणसं आधी कुठे धावतात यावरच त्यानं संशोधन मांडलं. प्रत्येक चर्चासत्रात तो पँट वर करून घोट्यावरची खूण दाखवायचा.

"काय बोलली बाई?"

"अण्णांना आण म्हणाल्या. नाहीतर पहिलं पान काढ."

"मग आण ना. सिंपल आहे."

"तुझं बरंय रे. तुझा पुरावा तुझ्याच पायावर आहे. माझा पुरावा मला डोंबिवलीहून ठाण्याला आणायचाय, आणि तो कीर्तन सोडून कुठे हलत नाही."

"कीर्तनाला जातो म्हणजे ऐकू येतच असणार की त्यांना."

नेमकं तिथेच तर शिवानीचं घोडं अडलं होतं.

घरी कधी मागून हाक मारली आणि अण्णांनी ओ दिली नाही, तर आई, म्हणजे हौसाबाई, म्हणायची, "नको गं सतावू. नामात हायेत ते." कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भात लागला तरी अण्णा शेजारी स्वस्थ बसलेले, तरी तेच. "तंद्री लागलीय त्यांची." इमारतीतल्या लोकांनाही हे मान्य होतं. मारुतीराव म्हणजे देवमाणूस. रस्त्यानं जाताना मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून दमतो, पण ह्यांचं ध्यान ढळत नाही. आजूबाजूच्या बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या.

आणि गल्लीतल्या मुरलीधराच्या देवळात तर त्यांचा मान वेगळाच. पुढच्या रांगेत, तबलजीच्या डग्ग्याला जवळजवळ गुडघा टेकेल अशी त्यांची जागा. सतरंजी कितीही भरली तरी तिथे कुणी बसायचं नाही. कीर्तनकार कुणीही असोत, नारदाच्या गादीवर उभे राहिले की त्यांची पहिली नजर मारुतीरावांकडे जायची. विनोद झाला की ह्यांची मांडीवर थाप पडलीच. करुण प्रसंग आला की उपरण्याचं टोक डोळ्याला लागलंच. अहो, कीर्तन करणारा गादीवर असतो खरा, पण कीर्तन उभं राहतं समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर. आणि तसा चेहरा डोंबिवलीत दुसरा नव्हता.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला होता. देवळात महिनाभर रोज संध्याकाळी पाचला कीर्तन. उन्हं अजून सभामंडपाच्या पायरीवर असायची आणि पंखे गरम हवा फिरवत असायचे. त्या दिवशी ठाण्याहून येताना शिवानी अण्णांना घ्यायला म्हणून देवळात डोकावली. दारातच उभी राहिली. आत बसायचा धीर तिला हल्ली होत नसे. लहानपणी रोज बसायची, अण्णांच्या पुढ्यात, त्यांच्या मांडीला टेकून. पुढे दहावी, बारावी, क्लास, कॉलेज असं करत ते सुटलं. आता बसली की दहाव्या मिनिटाला फोन बघावासा वाटायचा, मनात प्रबंधाची वाक्यं उलटीसुलटी व्हायला लागायची.

गादीवर प्रमोदिनीताई होत्या. कल्याणला शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, नऊवारी नेसून, झांजा हातात घेऊन उभ्या राहिल्या की शाळेच्या बाई राहायच्याच नाहीत. सुदाम्याचं आख्यान त्यांचं हातखंडा. सुदामा द्वारकेच्या महालापाशी येतो, द्वारपाल विचारतो, कोण आपण? सुदामा म्हणतो, देवाचा मित्र. द्वारपाल त्याला खालून वर न्याहाळतो आणि म्हणतो, "असे रोज पन्नास मित्र येतात. आधार कार्ड आणलंय?"

मंडप हसला. पण शिवानी चमकली. कारण अण्णांची थाप मांडीवर आधीच पडून गेली होती. आधार कार्ड हा शब्द ताईंच्या तोंडून निघायच्या आत. ताईंनी भुवया चढवल्या, मान तिरकी केली, आणि त्याच क्षणी अण्णा हसले.

हे आख्यान त्यांनी किती वेळा ऐकलं असेल? नाही, ऐकलं असेल का, हाच प्रश्न होता.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "अण्णा, एकदा चला ना ठाण्याला. खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. झालं."

"येतंय की मला ऐकू. तू आत्ता बोललीस ते ऐकलं नव्हं?"

"समोर बसून बोलले म्हणून."

"मग माणसानं माणसाशी समोर बसूनच बोलायचं अस्तंय. पाठीमागनं कोण बोलतं?"

"त्यास्नी नको ते बरोबर ऐकू येतं," हौसाबाई पोळी वाढत म्हणाली. "दोन दिस झालं, गवार आणा म्हणून घसा कोरडा केला. ऐकलं का? न्हाई. काल मी हळूच म्हटलं, श्रीखंड करावं म्हणते. तर म्हणे, कधी?"

"तू त्या वेळी माझ्याकडं बघून हसलीस म्हणून," अण्णा म्हणाले, आणि तिघंही हसले. विषय हसण्यातच बुडाला. अण्णांना ते छान जमायचं.

पण शिवानीला चैन पडेना. रात्रभर कूस बदलत राहिली. मॅडमचा चष्मा डोळ्यांसमोर यायचा, मग ती आधी पडलेली थाप. एकदा का अण्णांना स्वतःलाच कळलं, की मग नाही म्हणायला तोंड राहणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. आणि मन असं काही घेतं तेव्हा ते आपल्याला शहाणपणाच वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती विठ्ठलवाडीला प्रमोदिनीताईंच्या घरी गेली. ताईंनी पन्हं दिलं, पंखा तिच्याकडे फिरवला.

"मारुतीरावांची मुलगी तू. बोल, काय हवं?"

"ताई, माझा अभ्यास ऐकण्यावर आहे. कीर्तनातले श्रोते खरंच ऐकून हसतात की सवयीनं, ते मला बघायचंय. सुदाम्याचा तो द्वारपालाचा विनोद आहे ना, तो एक दिवस काढाल? हावभाव तसेच ठेवायचे. फक्त शब्द वेगळे. काहीतरी गंभीर."

ताईंना गंमत वाटली. कीर्तनाच्या श्रोत्यांवर विद्यापीठात कुणी अभ्यास करतंय याचंच त्यांना अप्रूप. "करून बघू की. शुक्रवारी माझी पाळी आहे, लोक सुदामाच मागतील. पण कुणाची परीक्षा घेतेयस तू?"

"सगळ्यांचीच," शिवानी म्हणाली.

पन्हं होतं समोर; तिनं ते पिऊन टाकलं. तपासणीआधी प्रत्येक कामगाराला सगळं समजावून सांगायचं, त्याची संमती घ्यायची, हा नियम ती कनिष्ठ विद्यार्थ्यांना घोकून घ्यायला लावायची. तो तिला आठवला नाही असं नाही. अण्णांना तो लागू होतो, हे आठवलं नाही.

शुक्रवारी देऊळ तुडुंब होतं. शिवानी बायकांच्या बाजूला खांबाशी बसली, अण्णा दिसतील अशी. पूर्वरंग झाला, मध्यंतरात ताईंना हार घातला, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला. अण्णांनी शेजारच्या आजोबांना वाकून नमस्कार केला. नव्या उपरण्याची घडी त्यांनी दोनदा नीट केली.

उत्तररंगात सुदामा निघाला. काखेत पोह्यांची पुरचुंडी, पाय पोळलेले. महालाच्या दारात आला. द्वारपालानं त्याला खालून वर न्याहाळलं. ताईंनी भुवया चढवल्या, मान तिरकी केली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "द्वारपालानं विचारलं, घरी लेकरं जेवली का रे बाबा? आणि सुदाम्याला बोलता येईना."

सगळा मंडप गप्प झाला. आणि त्या शांततेत अण्णांची मांडीवर थाप पडली. पाठोपाठ हसू. मोठं, मोकळं, तोंडभर.

ते एकटंच हसू किती वेळ टिकलं, कोण जाणे. शिवानीला ते संपतच नाही असं वाटलं. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कुणीतरी "अहो, मारुतीराव" असं पुटपुटलं. अण्णांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकही चेहरा हसत नव्हता. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं, आणि ताईंची नजर अण्णांवरून उठून थेट खांबाशी बसलेल्या शिवानीकडे गेली. अण्णांनी त्या नजरेचा माग काढला. आयुष्यभर चेहरेच वाचलेला माणूस. त्यांना पुढचं कुणी सांगावं लागलं नाही.

ताईंनी घाईघाईनं नामाचा गजर सुरू केला, तबला वाजायला लागला. अण्णा उठले. आरती व्हायची होती, प्रसाद व्हायचा होता. कीर्तन अर्धं टाकून मारुतीराव उठलेले देवळानं कधी पाहिले नव्हते. माणसं पाय आखडून घेत त्यांना वाट देत गेली. चपला घालताना त्यांचा तोल गेला, तेव्हा कुणीसा हात धरायला पुढे झाला. त्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

घरी ते रागावले असते तर बरं झालं असतं. शनिवारी पाचला ते खिडकीत बसले. रविवारी पाचला फिरायला म्हणून निघाले आणि देवळाच्या उलट्या दिशेनं गेले. खाली पार्किंगमध्ये कुणी विचारलं, "मारुतीराव, तब्येत बरी ना?" तर न ऐकल्यासारखं करून पुढे झाले, आणि आता त्यांनी खरंच ऐकलं नाही की ऐकून टाळलं, हे कुणालाच सांगता येईना. नामात आहेत, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

हौसाबाईनं शिवानीला एवढंच विचारलं, "तुला बापापरीस कागद जास्त झालता का?"

शिवानी लॅपटॉप उघडायची, पहिलं पान वाचायची, बंद करायची. ते पान तिनं काढून टाकलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. ठाण्याला जायची, जिन्यातून परत फिरायची. प्रीतमनं फोन केला तर म्हणाली, डोकं दुखतंय. शेवटी उठून पुन्हा विठ्ठलवाडीला गेली.

या वेळी पन्हं आलं नाही. ताई बराच वेळ तुळशीची पिकली पानं खुडत राहिल्या.

"तू मला खोटं सांगितलंस, आणि ते मी नारदाच्या गादीवर उभी राहून वापरलं. त्या दिवशी पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही. सुदामा बहुतेक दारातच राहिला."

"मला वाटलं, फक्त त्यांना कळेल. आणि मला."

"सुदाम्यानं पुरचुंडी काखेत का लपवली होती गं?"

"लाज वाटली म्हणून."

"देवानं ती ओढून काढली. तूही काढलीस. पण देवानं ओढली ती खायला. तू ओढलीस ती दाखवायला." ताईंनी हात झटकले. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "किती दिवसांपासून येत नाही त्यांना ऐकू?"

"माहीत नाही. तेच तर माहीत नाही. ठोक्यांनी आधी बारीक, चिरके आवाज जातात. पुरुषी, जाड आवाज त्यातल्या त्यात राहतात. पूर्वीचे बुवा त्यांना कळत असतील थोडे."

"म्हणजे माझा आवाज तर नाहीच." ताई खाली टेकल्या. "आणि सगळ्यांत छान माझंच ऐकायचे ते. मी त्यांच्याकडे बघून आख्यान रंगवायचे."

त्या दिवशी शिवानी घरी आली तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. ती समोर जाऊन खाली बसली. चूक झाली, असं म्हणाली. ती नेमकी कशी झाली, ताईंना काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. अण्णांनी सगळं तिच्या ओठांवरून वेचून घेतलं आणि शेंगा सोलत राहिले.

"एक सांग," ते म्हणाले. "तू शिकलेली हायेस. भक्तीचे नऊ प्रकार. पैलं श्रवण. बरोबर?"

"हो."

"मग मी इतकी वर्सं काय करत हुतो? कान न्हाईत त्याचं श्रवण धरत्यात का?"

कानाच्या आतल्या नाजूक पेशींपासून मेंदूपर्यंतचा सगळा रस्ता शिवानीला पाठ होता, पण हा प्रश्न त्या रस्त्यावर कुठेच लागत नव्हता.

"लोक म्हणायचे, नामात हाय. मी म्हटलं, म्हणूद्यात. बहिरा म्हणण्यापरीस बरं. पर देवाला तर ठावं आसंल की, ह्यो नामात न्हाई, ह्यो नुसता गप हाय." त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "चल. उद्या येतो तुझ्या खोलीत. बघू तरी काय काय गेलंय."

"अण्णा, नको. मी ते पान काढून टाकलंय. काही गरज नाही."

"तुझ्यासाठी न्हाई म्हणत. मला कळाया पायजे."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला तिनं त्यांना जाड दाराच्या, आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं. इतर कामगारांना सांगायची तेच सगळं सांगितलं: कशासाठी, कसं, नको वाटलं तर केव्हाही उठता येईल. अण्णांनी तिनं पुढे केलेल्या संमतीपत्रावर, शाळेतल्या मुलासारखं वळणदार अक्षर काढत सही केली. तिनं त्यांच्या कानांवर हेडफोन नीट बसवले, हातात बटण दिलं, आणि काचेच्या अलीकडे यंत्रापाशी येऊन बसली.

पहिला आवाज सोडला. अण्णांनी बटण दाबलं. दुसरा, दाबलं. तिसरा मुद्दाम अगदी बारीक सोडला. दाबलं. क्षणभर तिला वाटलं, आपणच चुकलो, ह्यांना येतंय ऐकू. मग तिनं वर पाहिलं. अण्णा तिच्या खांद्याकडे बघत होते. तिनं कळ दाबली की खांदा किंचित हलायचा. तेवढं त्यांना पुरत होतं.

हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. तपासणाऱ्यानं आपला हात दिसू द्यायचा नाही. स्वतःच्या बापाकडे मात्र ती तोंड करून बसली होती.

तिनं खुर्ची फिरवली. अण्णांकडे पाठ केली.

आवाज सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, इतका, की हेडफोनमधून झिरपून तिला बाहेर ऐकू येईलसं वाटलं. बटणाचा दिवा लागला नाही. समोरच्या कपाटाच्या काचेत अण्णांचं अंधुक प्रतिबिंब पडलं होतं. अंगठा बटणावर तयार, मान जराशी पुढे, डोळे तिच्या पाठीला लागलेले. सगळं शरीर ऐकायला बसलं होतं. शिवानीनं तसं ऐकणं इतक्या तपासण्यांत कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या पाठीतून त्यांना काहीच मिळत नव्हतं.

मग तिनं आवाज खाली आणला, जाड, घुमणारा, डग्ग्यासारखा. दिवा लागला. पुन्हा सोडला, पुन्हा लागला. काचेत अण्णांचा चेहरा उजळलेला दिसला.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "नापास?"

"यात नापास नसतं, अण्णा. पुरुष बोलतात त्यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोचत नाही. बायकांचं तर त्याहून कमी पोचतं. डग्गा येतो."

"डग्गा येतो," ते समाधानानं म्हणाले. "म्हणूनच तिथं बसतो मी." मग थोडं थांबून, "तू पाठ का फिरवलीस?"

"तुम्ही माझ्या खांद्याकडे बघून दाबत होतात."

"आगं, तुझी पाठ मला नवी हाय व्हय? ल्हान हुतीस, पुढ्यात बसायचीस. तवाच कमी याय लागलं हुतं. तुझ्या पाठीवर हात ठेवला की सगळं कळायचं. तू हसलीस की हाताला कळायचं, मग मी हसायचो. रडू आलं की तुझा श्वास अडायचा. बुवांचं एक अक्षर चुकायचं न्हाई." त्यांनी खोलीच्या काचेवर बोट वाजवलं. "हितं मधी काच हुती. हात पोचला न्हाई."

शिवानी त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं पहिल्या पानावर लिहिलं होतं, टीव्हीचा आवाज मोठा होत गेला. त्याच्याही आधी, वर्षानुवर्षं, ती स्वतः त्यांचा कान होती. आणि एक दिवस क्लासला जायचंय म्हणून उठून गेली होती. तिला वाटायचं, अण्णा थोपटतात.

"मग मी यायची बंद झाल्यावर?"

"मग काय. तोवर समदी आख्यानं पाठ झाली हुती."

अधिक महिन्याचा शेवटचा दिवस पुन्हा ताईंचा होता. अण्णा स्वतःहून निघतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पाच वाजायला आले तशी त्यांनी टोपी घातली आणि दारात उभं राहून म्हणाले, "शिवा, येतीस? पर पुढ्यात बसायचं."

"अण्णा, तिशीची झाले मी. लोक काय म्हणतील?"

"परवा हसलो तवा म्हणून झालं त्यांचं."

हौसाबाई मागून म्हणाली, "जा गं. न्हाईतर परत गप बसत्याल आन् मला वाटंल नामात हायेत."

देवळात शिरताना माणसं जरा बावरली. मग डग्ग्याशेजारच्या जागेसाठी माणसं सरकली. तिथे खरं तर कुणी बसलेलंच नव्हतं. अण्णा बसले. पुढ्यात शिवानी बसली, ओढणी सावरत, कान लाल झालेले. मागच्या बायकांत कुजबुज झाली. मग पाठीवर हात आला. पत्रा हाताळून हाताळून राठ झालेला, जड आणि गरम.

खिशात फोन थरथरला. मॅडम असतील; काय ठरलं विचारत असतील. तिचं मन सवयीनं तिकडे धावलं, आणि लगेच तिला कळलं की आज ते परवडणार नाही. तिचं लक्ष गेलं की अण्णांचं ऐकणं गेलं. तिनं फोन बंद केला. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती कीर्तन ऐकायला लागली, शब्द न् शब्द, जणू परक्या माणसाची ठेव सांभाळतेय अशी. पाय मात्र हलतच होता. तो काही लगेच थांबणारा नव्हता.

"मागे आपला सुदामा दारातच राहिला," उत्तररंगाच्या सुरुवातीला ताई म्हणाल्या. "आख्यान असं अर्धवट सोडलेलं गादीला चालत नाही. आज त्याला आत नेऊ."

सुदामा आत गेला. देव धावत आले, मिठी पडली, पाय धुतले. इथवर अण्णांचा हात स्वस्थ होता. ओळखीचा रस्ता होता तो. मग ताईंनी झांजा खाली ठेवल्या. सुदाम्यानं देवाला विचारलं, दारात मी इतक्या हाका मारल्या, त्या द्वारपालांनी तुझ्यापर्यंत पोचवल्या का? ताईंचा आवाज अगदी खाली आला. त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, आणि शिवानीचा श्वास अडला.

पाठीवरचा हात घट्ट झाला. तिथे काहीतरी घडलंय, हे हाताला कळलं होतं. काय, ते कळलं नव्हतं. हे आख्यानात आधी कधी नव्हतं. पाठ असलेलं काही उपयोगाचं नव्हतं. उपरण्याचं टोक डोळ्याला लावून टाकलं असतं तरी भागलं असतं. जागा तीच होती, आणि तसं त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. शिवानी वाट बघत राहिली.

"ताई," अण्णा मोठ्यानं म्हणाले. भर कीर्तनात. "मला न्हाई आलं ऐकू. काय म्हणला देव?"

मंडपात कुणी हललं नाही. तबलजीचा हात डग्ग्यावर तसाच राहिला. मग मागच्या बाजूनं, खांबापलीकडून एक घोगरा आवाज आला, "मलाबी न्हाई, ताई. मी म्हटलं, इचारावं कसं." त्याच्या शेजारून आणखी कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं होऊन जाऊद्या." शिवानीला ते आवाज ओळखीचे होते. तपासणीला या म्हणून ती त्यांच्या दारी जाऊन आली होती, आणि दोघांनीही तिला चहा पाजून सांगितलं होतं, की त्यांना सगळं ऐकू येतं.

प्रमोदिनीताई गादीच्या कडेपर्यंत पुढे आल्या. थोड्या वाकल्या, चेहरा मारुतीरावांच्या समोर येईल एवढ्या, आणि एकेक शब्द सुटा करून, साऱ्या मंडपाला पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "देव म्हणाले, सुदाम्या, तुझी हाक मला ऐकूच आली नाही. फरशीवर तुझे अनवाणी पाय टेकले ना, ते जाणवले. म्हणून धावत आलो."

अण्णांनी मान हलवली. उपरणं डोळ्याला लावलं नाही. मांडीवर थापही पडली नाही. कितीतरी वेळ ते नुसते ताईंकडे बघत राहिले.

"हां. आता पोचलं," ते म्हणाले. हात शिवानीच्या पाठीवर तसाच होता, जरासा सैल. "पुढं सांगा."